आधी पाठ, मग धार, शेवटी पॉलिश

दुकानातून आणलेली नवीन पटाशी धारदार नसते. कारखान्यात तिला ग्राइंडरवर नुसता उतार, म्हणजे टोकाची तिरकी बाजू, मारलेला असतो, पुढची धार लावायचं काम घेणाऱ्याचं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. पटाशी पिशवीतून काढतात, तशीच सागवानावर ठेवून ठोकतात आणि लाकूड कापायच्या ऐवजी चेपलं की म्हणतात, माल हलका निघाला. असेलही हलका. पण धार लावून बघितल्याशिवाय ते कळायचं कसं?

मी कोल्हापूरला उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचं काम केलं. आता घरीच असतो. आयटीआयची पोरं, सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करणारे कॉम्प्युटरवाले, कधी एखादा जुना ओळखीचा सुतार असे लोक हत्यारं घेऊन येतात. तक्रार साधारण एकच असते: "काका, पॉलिश नीट बसत नाही." मी पॉलिशचा डबा बघतच नाही. आधी रंधा उघडायला सांगतो. कारण पॉलिशचा म्हणून जो दोष दिसतो तो बहुतेक वेळा रंध्याच्या पात्यात असतो आणि पात्याचा दोष पात्याच्या पाठीत.

पॅटर्नच्या कामात हे लवकर अंगवळणी पडतं. पॅटर्न म्हणजे ज्या आकाराचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं त्याचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करतात. लाकडावरचा ओरखडा वाळूत उतरतो, वाळूतून बिडात. पॅटर्न उपसताना खरखरीत बाजूने वाळू धरली की साच्याची कड ढासळते. आणि मापाला सूट नाही. थंड होताना बीड मीटरला सुमारे १० मिमी आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा तेवढी वाढीव असायची. अशा कामात पॉलिश पेपरने घासत बसलं की कडा गोल होतात आणि माप हातचं जातं. गुळगुळीतपणा धारेतूनच काढावा लागतो. घरातलं टेबल करताना एवढी कडक शिस्त नको, पण पद्धत हीच ठेवली तर निम्मं घासकाम वाचतं.

काय घ्यावं

पटाश्या तीन पुरेत: दोन सुती (पाव इंच), चार सुती (अर्धा इंच) आणि एक इंची. बारा पटाश्यांचा चकचकीत संच घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच पेटीतच गंजतात. रंधा एक, लोखंडी, पाच नंबरचा, दोन इंची पात्याचा. लाकडी रंधा मला स्वतःला जास्त आवडतो. हाताला हलका लागतो आणि लाकडावरून सरकतोही छान. पण त्याचं पातं पाचर ठोकून बसवायचं असतं. पुढे काढायला पात्याच्या डोक्यावर हलकी टिचकी, मागे घ्यायला रंध्याच्या मागच्या टोकावर. हा हात बसायला वेळ लागतो. नवशिक्याने स्क्रूवाल्यापासून सुरुवात करावी. याशिवाय एक आडवी कापायची करवत, एक बारीक दात्यांची जाड पाठीची करवत, गुण्या, कडेला समांतर रेघ आखायचं मार्किंग गेज आणि लाकडी मोगरी. पटाशीच्या लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी मारू नका, मूठ फाटते.

जुनी हत्यारं मिळाली तर जरूर घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही चांगल्या पोलादाच्या पटाश्या सापडतात. अंगावरच्या तांबेऱ्याला घाबरू नका, तो निघतो. बघायची ती पाठ, म्हणजे उताराच्या उलटी, सपाट बाजू. धारेजवळ पाठीवर गंजाने खोल खड्डे पडले असतील तर ती पटाशी सोडून द्या. प्रत्येक खड्डा धारेपाशी आला की तिथे एक खाच पडणार. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली पटाशीही चांगली निघते, फक्त तिला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-बुडवून कितपत कडक केलंय, ते तपासा. धारेजवळ बारीक कानस फिरवायची. कानस घसरली, जेमतेम खरवडली तर पोलाद कडक आहे. कानशीने लोणी काढल्यासारखं पोलाद निघालं तर ती धार टिकणार नाही.

पाठ

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. एक उताराचा, दुसरा पाठीचा. सगळे उतार घासत बसतात, पाठीकडे कुणी बघत नाही. पाठीवर ग्राइंडरचे चरे तसेच राहिले तर उतार कितीही चकचकीत करा, धारेला करवतीसारखे बारीक दाते राहणारच. तेच दाते लाकडावर रेघा मारतात आणि पॉलिश केल्यावर त्या रेघा उजेडात उठून दिसतात.

साहित्य महाग नाही. काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमी जाड काचेचा उरलेला तुकडा आणा, फूटभर लांब, कडा घासून घेतलेला. ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो. कडप्पा नको. तो दिसतो सपाट, पण असतोच असं नाही. रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर आणा: २२०, ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचे. नंबर मोठा तसा कागद बारीक. काचेवर पाणी शिंपडलं की कागद आपोआप चिकटून बसतो.

आता पटाशीची पाठ मार्करने काळी करा. २२० च्या कागदावर पाठ सपाट ठेवा. धारेकडचा इंच-दीड इंच भाग कागदावर हवा, मूठ काचेच्या बाहेर. दोन बोटांनी धारेजवळ दाबा आणि मागेपुढे घासा. मूठ केसभरही उचलायची नाही. उचलली की पाठ गोल होते आणि मग ती सपाट करायला दुप्पट घासावं लागतं. पंधरा-वीस हात मारून उलटी करून बघा. जिथे काळं गेलं तिथे कागद लागतोय, जिथे राहिलं तिथे खोलगट आहे. पूर्ण पाठ एकसारखी व्हायची गरज नाही. धारेला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाच्या पेराएवढी पट्टी सलग घासली गेली की झालं. वरच्या बाजूला खोलगट राहिलं तर राहू दे.

मग ४००, ८००, १२००, २०००. प्रत्येक कागदावर घासायची दिशा थोडी तिरकी बदला, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे गेलेत की नाही ते डोळ्यांना कळतं. आधीचे चरे असेपर्यंत पुढच्या कागदावर उडी मारू नका. २२० चे चरे २००० च्या कागदाने जात नाहीत, फक्त चकाकतात. शेवटी पाठीत आपलं नाक दिसायला लागतं. नवीन पटाशीला या कामात तासभर सहज जातो. चिडू नका, हे एका हत्याराला एकदाच करायचं असतं. पुढे आयुष्यभर पाठीला नुसता शेवटचा कागद दाखवायचा.

काम झालं की हत्यार लगेच पुसा. ओली पटाशी संध्याकाळपर्यंत तांबूस होते.

उतार

पटाशी किती अंशाची हवी, यावर लोक वाद घालतात. साध्या कामाला २५ अंशाचा मोठा उतार आणि टोकाशी ३० अंशाचा बारीक दुसरा उतार. हाताने दाबून नाजूक छाटायची पटाशी आणखी पातळ चालेल. मोगरीने ठोकून खाचा पाडायची ती ३० ते ३५ अंशापर्यंत जाड ठेवा. सागवानासाठी मी ३० च्या खाली जात नाही. सागवान हाताला मऊ लागतं, पण त्यात वाळूच्या जातीचे, सिलिकाचे कण असतात, त्यामुळे धार लवकर मरते.

कोनमापक लागत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की ३० अंश. ३ मिमी जाड पात्याला ६ मिमी उतार. २५ अंशाला तोच उतार साधारण ७ मिमी येतो. पट्टी लावून बघा, डोळा लवकर तयार होतो.

उतारासाठी दोन बाजूंची पथरी, म्हणजे धार लावायचा दगड वापरा, एक बाजू भरड, एक बारीक. वर तेल हवं ते पातळ. शिलाई मशीनचं तेल, त्यात थोडं टर्पेंटाइन. स्वयंपाकघरातलं तेल आणू नका. ते काही दिवसांत चिकट होतं, दगडाची छिद्रं बुजतात आणि मग पटाशी दगडावर नुसती घसरत राहते. तसा दगड कुणी दिला तर तो धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, बराचसा मोकळा होतो. जुनी पथरी मध्ये खोलगट झालेली असते. तिच्यावर सरळ धार लागणं शक्य नाही. आधी ती सपाट करा. आमच्याकडे शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकून घासायचे. भरड कागद काचेवर ठेवूनही होतं.

उतार दगडावर टेकवा आणि बोटांनी दाबून तो नीट बसलाय हे आधी जाणवू द्या. मग मूठ किंचित उचला, अगदी किंचित, म्हणजे धारेचं टोकच दगडाला लागेल. मनगट आणि कोपर घट्ट धरा. पुढेमागे कमरेतून व्हायचं. मनगट हललं की उतार गोल होतो. हात बसेपर्यंत पटाशी एकाच कोनात पकडून ठेवणारी चाकवाली पकड वापरायला हरकत नाही. मी तिला कमी लेखत नाही, पण अरुंद पटाशी तिच्यात डोलते.

दहा-बारा हात झाले की अंगठा पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने फिरवा. धारेवरून आडवा फिरवू नका, बोट कापेल. पाठीकडे कुठे खरखर लागते का बघा. ती पोलादाची मुरडलेली कड, बर. ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये लागली आणि कोपऱ्यात नाही, तर कोपरे अजून धारेपर्यंत पोचलेले नाहीत. बर आल्याशिवाय बारीक दगडावर जाऊ नका. धार लागत नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच घाई करतात. बर आली की बारीक बाजूवर तसेच हात मारा, मग पाठ दगडावर पूर्ण सपाट ठेवून तीन-चार हात. बर उताराकडे वळेल. पुन्हा उताराला एक-दोन हलके हात, पुन्हा पाठीला. बर बारीक होत होत जाते.

राहिलेली बर चामड्यावर काढायची. कोल्हापूरकर या बाबतीत नशीबवान. चपलांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, टणक असतं आणि कारागिराकडे त्याच्या कापलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. दोन-अडीच इंच रुंद पट्टी सपाट फळीवर चिकटवा, आतली खरबरीत बाजू वर. तिच्यावर हिरवी पॉलिशची वडी घासा, स्टीलच्या भांड्यांना चकाकी देणारे वापरतात ती. पटाशी फक्त ओढायची, ढकलायची नाही. ढकलली की चामडं कापलं. उताराला दहा हात, पाठीला पाच, पाठ अगदी सपाट. चामड्यावर जोर दिला तर ते खाली दबतं आणि धारेभोवती वर येतं, धार गोल होते. म्हणून हात हलका.

धार लागली का, हे हातावरचे केस उडवून बघायची फॅशन आहे. केस बऱ्यापैकी बोथट धारेनेही उडतात. आमचे मिस्त्री पटाशी खिडकीसमोर धरायचे, धार सरळ डोळ्यासमोर, आणि हळूहळू फिरवायचे. बोथट जागा उजेड परत फेकते, तिथे केसासारखी पांढरी रेघ दिसते. खाच असली तर ठिपका चमकतो. खरी धार दिसतच नाही, काळीच राहते. "चमकतंय अजून, परत जा" एवढंच बोलायचे आणि पटाशी परत द्यायचे. दुसरी परीक्षा लाकडाची. पाइनसारखं मऊ लाकूड घ्या, त्याच्या आडव्या कापलेल्या तोंडावरून पातळ साल काढा. बोथट पटाशी तंतू चुरगळते, तोंड पांढरट भुसभुशीत दिसतं. धारेने कापलेलं तोंड गडद आणि तुळतुळीत येतं.

ग्राइंडरचं एक सांगून ठेवतो. खाच मोठी असेल तरच त्याच्याकडे जा आणि शेजारी पाण्याचा डबा ठेवा. दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात. धार निळी पडली म्हणजे तिथलं पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ झाला. तो पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही, मग दगडावर कितीही वेळ घालवा. सायकलच्या चाकावर धार लावून देणारे दारावर येतात, त्यांच्याकडे विळी आणि सुऱ्या द्या. पटाशी नको.

रंधा

पात्याला धार लावायची रीत तीच. पाठ आधी, मग उतार. फरक एवढाच की शेवटी दोन्ही कोपऱ्यांवर थोडा जास्त दाब देऊन ते कणभर मागे घ्यायचे, नाहीतर कोपरे लाकडावर समांतर रेघा ओढतात.

रंधा चोंदतो, छिलपे अडकतात, याचं कारण बहुधा पात्यावरची टोपी, म्हणजे पात्याच्या वर बसवलेली दुसरी लोखंडी पट्टी. पातं आणि टोपी जोडून उजेडासमोर धरा. दोघांच्या मध्ये उजेड दिसला तर छिलपा तिथेच घुसणार. टोपीची कड सपाट काचेवर घासून पात्याला चिकटून बसेल अशी करा. भरड कामाला टोपी धारेपासून एक-दीड मिमी मागे, शेवटच्या हाताला अर्ध्या मिमीपेक्षा कमी. उलट्या रेषांच्या लाकडात टोपी जवळ आणली की लाकूड उपटायचं खूप कमी होतं. सागवानात, बाभळीत, फणसात रेषा वाटेत दिशा बदलतात, तिथे हे फार कामाला येतं.

रेषा वाचायची ती फळीच्या बाजूच्या कडेवर. कडेवरच्या रेषा ज्या दिशेने वर चढतात त्या दिशेने रंधा चालवा. आवाजावर लक्ष ठेवा. सलग सुर्रकन आवाज येतो तोवर ठीक, फडफड ऐकू आली की थांबून फळी फिरवा. रंध्याच्या तळाला मेणबत्तीची एक नागमोडी रेघ ओढून बघा. निम्मा जोर वाचतो आणि खर्च शून्य.

करवतीबद्दल थोडक्यात. उभी चिरायची करवत आणि आडवी कापायची करवत यांचे दाते वेगळे. उभ्या करवतीच्या दात्यांना तिकोनी कानस सरळ काटकोनात चालवायची, दाता छोट्या पटाशीसारखा होतो. आडवीला कानस ६० ते ६५ अंशात तिरकी, एक सोडून एक दाता या बाजूने, उरलेले त्या बाजूने, म्हणजे दात्याला चाकूसारखी कड येते. सगळ्या दात्यांना कानशीचे हात सारखेच. नवशिक्याने जुन्या करवतीवर हात बसवावा. आणि ज्या करवतीचे दाते टोकाला निळसर काळे दिसतात ते कारखान्यातच कडक केलेले असतात, त्यांच्यावर कानस चालत नाही. ती बोथट झाली की बदलायची.

गंज

कोकणात आणि आमच्या पावसाळ्यात हत्यारांचा खरा शत्रू हवा. वापर झाला की मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसून ठेवा, एवढं पुरतं. घामट बोटाचा ठसासुद्धा दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतो. आणखी एक, खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. पुजावीतच. पण ओलं गंध आणि हळद-कुंकू थेट रंध्याच्या तळावर, पटाशीच्या पाठीवर लावून दसऱ्यापर्यंत तसंच ठेवलं तर बरोबर तिथेच गंजाचे ठिपके पडतात. मुठीला लावा. देवाला चालतं.

पॉलिशच्या आधी

धारदार रंध्याने निघालेल्या सागवानाला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावू नका, आपणच नवे चरे पाडतो. सरळ १८० किंवा २२० घ्या, लाकडी गुटक्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेने. जिथे रेषा उलट्या फिरल्यात आणि रंधा उपटतो, तिथे खरवडपट्टी वापरा. जुने सुतार काचेच्या ताज्या फुटलेल्या तुकड्याने खरवडायचे. काम फार सुंदर होतं, पण हातमोजे घाला.

फेव्हिकॉल सांध्यातून बाहेर आला असेल तर तो आत्ताच शोधा. तो मुरलेल्या जागी लाकूड काहीच पीत नाही, पॉलिश केल्यावर फिकट डाग दिसतो. ओल्या फडक्याने पुसून बघा, गोंदाची जागा वेगळ्या रंगाची दिसेल. ती खरवडा. त्याच ओल्या फडक्याने लाकडाचे तंतूही वर उठतात. वाळू द्या, मग २२० चे चार हलके हात. हे आता केलं नाही तर पॉलिशचा पहिला हात तेच तंतू उठवणार.

चपडा

स्पिरिट पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची ही राळ. पॅटर्नला आम्ही हीच लावायचो. शोभेसाठी नव्हे, तर साच्याच्या ओल्या वाळूचा दमटपणा लाकडात शिरून माप फुगू नये म्हणून. घरच्या लाकडाला हीच मला सर्वांत आवडते. पटकन सुकते, दुरुस्त करता येते आणि सागवानाला जो मधाळ रंग येतो तो कुठल्याच डब्यातल्या वॉर्निशने येत नाही.

२५० मिली स्पिरिटला ३० ग्रॅम चपडा घातला की पातळ पॉलिश, ६० ग्रॅम घातला की घट्ट. काचेच्या बरणीत करा, लोखंडी डब्यात नको, काळपटते. झाकण लावून रात्रभर ठेवा, जाता-येता हलवा. लवकर विरघळावं म्हणून गॅसवर धरू नका. स्पिरिट भडकतं. त्यात मिथेनॉल असू शकतं, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास निरांजनसुद्धा नको. सकाळी मलमलच्या कापडातून गाळून घ्या.

सागवानाची छिद्रं मोठी असतात. आरशासारखं सपाट हवं असेल तर ती भरावी लागतात. चॉक पावडर, पेवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू पातळ पॉलिशमध्ये कालवून लाकडाच्या रंगाला आणा, गोण्याच्या तुकड्याने रेषेला आडवं चोळा, सुकल्यावर २२० ने वरचं काढा. नुसती चॉक पावडर वापरली तर पुढे छिद्रं पांढरी दिसतात. मला विचाराल तर रोजच्या वापरातल्या वस्तूला भरणी नकोच, रेषा हाताला लागू द्याव्यात.

पॉलिश लावायच्या बोळ्यासाठी कापूस आणि त्यावर जुनं, बऱ्याचदा धुतलेलं सुती कापड. धोतराचं सर्वांत उत्तम. कापड उलगडून पॉलिश आतल्या कापसावर ओता, बोळा बरणीत बुडवू नका. कागदावर दाबून बघा, ओला ठसा उमटला पाहिजे, थेंब नको. पहिले दोन हात पातळ पॉलिशचे, रेषेच्या दिशेने. बोळा फळीबाहेरून सरकत आत यावा आणि सरकतच बाहेर जावा. फळीवर थांबला की चिकटला, आणि उचलताना खालचा थर सोलून नेतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुढचे हात, आता गोल आणि इंग्रजी आठाच्या आकारात. बोळा ओढायला लागला तर त्याच्या तळाला बोटाने अळशीच्या तेलाचा एक थेंब. चार-पाच फेऱ्या झाल्या की त्या दिवशी पुरे. रात्रभर ठेवून ४०० च्या कागदाने नुसता हात फिरवा, पुन्हा तेच. शेवटच्या फेरीला निम्मं स्पिरिट घालून पातळ केलेल्या पॉलिशने रेषेच्या दिशेने लांब हात मारा, म्हणजे वर आलेलं तेल निघून जातं.

जुलै-ऑगस्टच्या झडीत हे काम काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ होतं. झालंच तर घासून काढायची घाई नको. कोरडा दिवस बघून स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा झरझर फिरवा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांवर जुनं पॉलिश नीट कडक होत नाही. शंका आली तर काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नखाने चिकट लागला तर बरणी बाद.

चपड्याला गरम कप आणि सांडलेलं पाणी सोसत नाही. जेवणाच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेलाचं वॉर्निश लावा. मात्र चपड्याच्या थरावर पीयू चढवू नका. चपड्यात नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

तेल

हत्यारांच्या मुठी, स्टूल, खिडकीच्या चौकटी यांना तेल पुरतं. रंगाच्या दुकानात बेलतेल मिळतं, म्हणजे सुकायला मदत करणारी द्रव्यं मिसळलेलं अळशीचं तेल. निम्मं बेलतेल, निम्मं टर्पेंटाइन, फडक्याने भरपूर लावा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. पुसलं नाही तर आठवडाभर चिकट राहतं आणि धूळ धरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने वर थोडं मधाचं मेण टर्पेंटाइनमध्ये मऊ करून लावलं की मूठ हातात छान बसते. पोळपाट-लाटणं आणि भाजी चिरायच्या फळीला बेलतेल नको, त्या सुकवणाऱ्या द्रव्यांत धातू असतात. तिथे घाण्याचं कच्चं अळशीचं तेल वापरा. सुकायला दोन-तीन आठवडे लागतात. किंवा काहीच लावू नका. पोळपाट तसाही तेल-पिठाने मुरतो.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना स्वतः तापतं आणि गोळा झालेलं फडकं, जवळ ठिणगी नसतानाही, काही तासांत पेटू शकतं. भुशाच्या पोत्यावर पडलं तर विचारूच नका. फडकं उघड्यावर दोरीवर एकपदरी वाळत घाला आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात द्या. घाई असेल तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.